पंखा बंद करा जरा

"पंखा बंद करा जरा," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या. एप्रिल संपत आला होता, दुपारचे पावणेतीन झाले होते आणि साताऱ्याच्या कोर्टातल्या त्या खोलीत आम्ही तीसेक माणसं घामानं भिजून बसलो होतो. तरी पट्टेवाल्यानं लगेच उठून बटण दाबलं. पाती मंदावली, घरघर थांबली आणि इतका वेळ दबलेले बारीक आवाज वर आले. कुणीतरी फाइलची नाडी सोडत होतं. स्टेनोच्या बोटांची टकटक चालली होती. खाली आवारात झेरॉक्सवाल्याशी कुणाची तरी हुज्जत चालली होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माझी आत्या उभी होती, लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरून. वय चौऱ्याहत्तर. आवाज मुळातच बारीक, त्यात गेल्या वर्षीपासून तिला दम लागतो. तिची तीन उत्तरं स्टेनोला ऐकूच आली नव्हती, म्हणून पंखा बंद झाला होता.

तिनं आमच्यावर वाटणीचा दावा लावला होता आणि आमचे वकील तिचा उलटतपास घेत होते. लग्नानंतर दोन वर्षं तुम्ही माहेरी येऊन राहिलात आणि त्या काळात तुमचा सगळा खर्च तुमच्या भावानं केला, हे म्हणणं बरोबर आहे का, असा प्रश्न होता. आत्यानं थोडा श्वास घेतला. "दादानं खर्च केला त्ये खरं हाय," ती म्हणाली, "पर मी काय बसून न्हाई खाल्लं. दोन्ही वर्सं आल्याची लागण, खुरपण, भरणी, समदं केलं. दादाच्या बरुबरीनं." आता तिचा शब्द न् शब्द कळत होता. आणि मागच्या बाकावरून मी म्हणालो, "खोटं!"

पंखा बंद होता. माझाही शब्द खोलीभर गेला.

मॅडमनी मान वर केली. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी लहान असतील. "कोण बोललं?" मी उभा राहिलो. "आपण कोण?" मी म्हणालो, "प्रतिवादी एक-ब." माझे वडील, अण्णा, वारले तेव्हा वारस म्हणून आमची नावं दाव्याला लागली. आई एक-अ, मी एक-ब. भाचा आहे असं मला म्हणता आलं असतं, पण तोंडातून निघालं ते हे. मॅडम क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "त्यांचं होऊ द्या. तुमची साक्ष होईल तेव्हा तुमचंही असंच ऐकेन. बसा." एवढंच. रोजनाम्यात काही लिहिलं नाही, बाहेर काढलं नाही. मी बसलो. आत्या मात्र अजून माझ्याकडंच बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणी मी पायरीवरून पडलो की आधी मला लागलंय का ते बघायची, तसं काहीतरी त्या बघण्यात होतं, आणि गेले कित्येक महिने मला तेच सोसत नाहीये.

जिन्यात वकीलसाहेब माझ्यावर चिडले, आणि ते बरोबरच होतं. पहिल्याच तारखेला त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं. फोन नुसता सायलेंट नको, बंद ठेवा. मॅडम आल्या की उठायचं. पायावर पाय टाकून बसायचं नाही, हाताची घडी नाही, डायसकडं पाठ करून निघायचं नाही. आपल्याला विचारलं तरच बोलायचं आणि तेही मॅडमकडं बघून, समोरच्या वकिलाशी वाद घालायचा नाही. साक्षीत नुसती मान हलवायची नाही, कारण मान हललेली टाइप होत नाही. मी मान डोलावली होती. मी शाळेत मास्तर आहे, 'एका वेळी एकानं बोला' हे वाक्य मी दिवसातून दहादा तरी म्हणतो, मला काय ही शिस्त शिकवायची, असंही मनात आलं होतं. आता जिन्यात त्यांनी कायदाच सांगितला. न्यायाधीश काम चालवत असताना मुद्दाम अपमान केला किंवा अडथळा आणला तर सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत ते कलम 228 होतं, दंड हजारापर्यंत. 2024 पासून न्यायसंहितेत कलम 267 आहे आणि दंड पाच हजारांपर्यंत. "मॅडम शांत आहेत म्हणून निभावलं," ते म्हणाले. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं, पण मला कैदेची भीती वाटत नव्हती. मला खुपत होतं ते वेगळंच. आत्या म्हणाली ते खोटं नव्हतं.

आल्याच्या वावरात तिला मी पाहिलेलं आहे. पाच-सहा वर्षांचा असेन. मे-जूनमध्ये लागण व्हायची. ती गादीवाफ्यावर उकिडवी बसून कंदाचे तुकडे मातीत बसवत पुढं सरकायची आणि मी मागून पाटी ओढायचो. तिच्या बोटांना आल्याचा वास असायचा, त्याच हातानं ती मला जेवण भरवायची, आणि भाताला तो तिखटसर मातीचा वास लागायचा. हे मला कोर्टात त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी मी खोटं म्हणालो. का म्हणालो? कारण चार वर्षांत आमच्या घरात एक गोष्ट तयार झाली होती. आत्यानं फुकट खाल्लं, आता वाटाही मागते. रोजच्या जेवणात ती गोष्ट आम्ही इतक्या वेळा सांगितली की तिच्यात न बसणारी आठवण आली की अंगावर धावून जावंसं वाटतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा 2005 चा कायद्यातला बदल आणि त्यावरचा 2020 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही मी वाचलेत. कायदा कुणाच्या बाजूला झुकतोय ते मला कळत होतं. जे कळत होतं तेच सहन होत नव्हतं.

त्याहून वाईट एक गोष्ट सांगायची राहिली. माहेरी राहण्याचा तो प्रश्न वकिलांना मीच पुरवला होता. त्याच्या जोडीचा आणखी एक होता, तो आधी विचारला गेला. सासरच्यांनी तुम्हाला कशामुळं घालवून दिलं, असा. वकिलांनी तो विचारला तेव्हा मॅडमनी हात वर केला. "याचा वाटणीशी काय संबंध? हा प्रश्न मी विचारू देणार नाही." नंतर घरी येऊन मी शोधलं. माणसाची अब्रू काढणारे, नुसता अपमान करायला किंवा त्रास द्यायला विचारलेले प्रश्न रोखायला कोर्टाला पुराव्याच्या कायद्यातच सांगितलेलं आहे. 1872 च्या जुन्या कायद्यात ती कलमं 151 आणि 152 होती, नव्यातही ती तशीच पुढं आली आहेत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे लिहून ठेवताना माझ्यासारखा माणूस डोळ्यांसमोर धरला असणार. घरातलं दुखणं घराच्या माणसालाच माहीत असतं. ते बाहेरच्या माणसाच्या हाती देऊन भर खोलीत उघडं करायचं, आणि वर आपण इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शिस्तीत बसलोय असं समजायचं. फोन बंद होता, पायावर पाय नव्हता. माझा खरा बेशिस्तपणा वकिलाच्या टिपणातल्या त्या दोन ओळींत होता, आणि तो मॅडमनी मी तोंड उघडण्याच्या आधीच थांबवला होता.

कोर्टात जाण्याआधी आमच्या सोप्यात बैठक झाली होती. अण्णा तेव्हा होते. गावातली चौदा माणसं, दोन्हीकडचे पाहुणे, पोलीसपाटील, चहाची तीन वेळा फेरी. सगळे एकदम बोलत होते. ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं पुढं सरकत होतं आणि सगळ्यांत मोठा आवाज माझ्या चुलत्यांचा. आत्या आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोक्यावर पदर. तिनं दोनदा काहीतरी म्हटलं. मी दाराजवळ होतो म्हणून मला तिचे ओठ हललेले दिसले. काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. कुणी विचारलं नाही, मीही नाही. बैठक संपली तेव्हा बहिणीला साडी-चोळी आणि सालाचं धान्य असं ठरलं आणि सगळ्यांनी 'झालं, मिटलं' म्हणत टोप्या घातल्या. सहा महिन्यांनी बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा आम्हाला केवढा धक्का बसला होता! तिला कुणीतरी भरीस पाडलं, असंच सगळे म्हणाले.

त्याच बाईसाठी भर उन्हाळ्यात तीस माणसांनी पंखा बंद करून घाम गाळला. दोन काळे कोट, स्टेनो, पट्टेवाला, पुढच्या तारखांसाठी आलेले अनोळखी पक्षकार, सगळे गप्प. हे मी विसरू शकत नाही.

शपथेच्या वेळचंही असंच मनात राहिलंय. ती दाराबाहेर चपला काढून आली. पट्टेवाला म्हणाला, "आजी, घालून या, चालतंय," पण ती तशीच अनवाणी पिंजऱ्यात चढली. मग हात पुढं करून इकडंतिकडं बघायला लागली. तिला गीता हवी होती. सिनेमात बघितलेली. कोर्टात गीता नसते, 1969 च्या शपथ कायद्यात नुसते शब्द आहेत. ईश्वराची शपथ घेऊन खरं सांगेन, संपूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय दुसरं काही सांगणार नाही. देव न मानणाऱ्यानं दृढकथन करायचं, म्हणजे देवाचं नाव न घेता तेच सांगायचं. हात ठेवायला काही मिळालं नाही तेव्हा तिनं तो हात दुसऱ्या हाताला जोडला आणि मॅडमना म्हणाली, "खरं सांगते बाई." वकील मंडळींमध्ये जरा चुळबुळ झाली. न्यायाधीशांना काय म्हणावं याबद्दल बार कौन्सिलनं 2006 मध्ये ठरवून दिलंय, वरच्या कोर्टात 'युवर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट', खालच्या कोर्टात 'सर' किंवा तसाच आपल्या भाषेतला शब्द. 'बाई' त्यात बसतं का कोण जाणे. मॅडमनी ते दुरुस्त केलं नाही. मला त्या खोलीत ऐकलेल्या सगळ्या संबोधनांत तेच सगळ्यांत आदराचं वाटलं. आमच्याकडं बाई म्हणजे शिकवणारी.

गावाकडून येताना माहुलीचा पूल लागतो. कृष्णेला तिथं वेण्णा येऊन मिळते. रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे, त्यामुळं सातारकरांना न्याय म्हटलं की ते आठवतात. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला आणि राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं काही नाही असं त्यांनी तोंडावर सांगितलं, ही गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगतो. पण हल्ली तारखेला जाताना पुलावरून खाली बघितलं की मला शास्त्र्यांपेक्षा त्या काळात वाद घेऊन येणारी माणसं आठवतात. त्यांच्या वागण्याची केवढी बांधाबांध होती! वतनाचा तंटा सभेपुढं यायचा तर आधी दोघांकडून राजीनामा लिहून घ्यायचे. सभा जे ठरवील त्याला आम्ही राजी आहोत, असा त्याचा अर्थ. मग जामीन. बोलावू तेव्हा हजर राहील याचा हाजीर जामीन, आणि नीट वागेल याचा वर्तणूक जामीन. वागणुकीसाठी दुसरा माणूस हमी राहायचा. बेलभंडार उचलून शपथ व्हायची. निकाल लागला की जिंकणाऱ्याला जयपत्र मिळायचं, तो हरकी भरायचा, म्हणजे जिंकल्याबद्दल सरकारात पैसे. हरणारा गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायचा आणि आपण हरलो, आता या गोष्टीवर आपला हक्क नाही, असं येजितखत त्याला आपल्या नावानं लिहून द्यावं लागायचं.

येजितखत हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तेव्हा क्रूर वाटला होता. हरलेल्याला वर लिहायलाही लावायचं. आता तसा वाटत नाही. आमच्या गावात तीस वर्षांपूर्वी निकाली निघालेल्या बांधाच्या दाव्यातली दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. अपील संपलं, हुकूमनामा झाला, मोजणी झाली, दगड रोवले, पण हरलेल्याच्या तोंडून 'झालं, मान्य' असं कधी निघालंच नाही. माझ्या हातात उद्या तो कागद दिला तर मी काय लिहीन? सुरुवातीची दोन वाक्यं मी मनातल्या मनात खूपदा लिहून पाहिली. आत्याचं नाव येतं तिथं अडतो. 'वादी' लिहू की 'आत्या'?

नावाचंच घ्या. कोर्टात पुकारा होतो तेव्हा पट्टेवाला दारात येऊन आमची नावं घेतो. लांबलचक व्हरांड्यातून आपलं नाव घुमत आलं की पोटात खड्डा पडतो. गुन्हा काही केलेला नसला तरी पडतो. शाळेच्या हजेरीत, लग्नपत्रिकेत, पगारपत्रकात तेच नाव वर्षानुवर्षं ऐकलंय, पण 'विरुद्ध' या शब्दानंतर आलं की ते आपलं वाटतच नाही. हे नाव आत्यानं ठेवलेलं. बारशाला पाळण्यात वाकून माझ्या कानात कुर्र करून तिनं ते सांगितलं, आणि घरच्यांनी दुसरं ठरवलेलं असताना ऐन वेळी तिनं स्वतःच्या मनातलं सांगितलं म्हणून आजी तिच्यावर रुसली होती, अशी गोष्ट आई सांगायची. दावा लागल्यापासून आई ती गोष्ट सांगत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता मी त्या उन्हाळ्यात बरीच चाळली. मनाला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. ऑर्डर 18 मध्ये बारावा नियम आहे. साक्ष देताना साक्षीदाराचं वागणं कसं होतं, हे महत्त्वाचं वाटलं तर न्यायाधीश लिहून ठेवू शकतात. आत्याच्या साक्षीत तसं काही लिहिलंय का ते मी नक्कल काढून पाहिलं. 'हे म्हणणे खरे नाही की...' अशा वाक्यांची रांग होती, तिच्या तोंडचं एकही 'समदं' किंवा 'बरुबरीनं' त्यात उरलं नव्हतं. पण आल्याचं होतं. 'मी सदर दोन वर्षे आल्याच्या पिकात माझ्या भावाच्या बरोबरीने काम केले.' माझं 'खोटं' कुठंच नव्हतं. ते वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं असं की ते तिथं असतं तर बरं झालं असतं, निदान कुठंतरी खरं लिहिलं गेलं असतं.

आणखी एक कलम सापडलं, 135. पक्षकार कामासाठी कोर्टात जात असताना, तिथं असताना आणि तिथून परतत असताना त्याला दिवाणी हुकमावरून अटक करता येत नाही. त्याच्या वकिलाला नाही, समन्सवर आलेल्या साक्षीदारालाही नाही. म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेलाही कायद्यानं कोर्टाची सावली दिली आहे. आमची ती वाट एकच आहे. तारखेच्या दिवशी मी एसटीत बसतो, दोन थांब्यांनंतर आत्या चढते. चार वर्षं आम्ही एकाच गाडीनं कोर्टात जातोय. ती पुढं बायकांच्या सीटवर बसते, मी मागं. पोवई नाक्यावर दोघंही उतरतो. मधे माहुलीच्या पुलावर ती खिडकीतून नदीला हात जोडते, आणि तिचे जोडलेले हात मागून दिसले की मीही नकळत जोडतो. एकदा गाडीत गर्दी होती आणि ती उभी होती. मी उठलो नाही. दुसऱ्याच कुणीतरी पोरानं जागा दिली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मे महिना सुट्टीत गेला. पुढची तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लागली. उलटतपास पुरा व्हायचा होता. त्या दिवशी सकाळपासून पाऊस. अजिंक्यतारा ढगात गेला होता आणि कोर्टाच्या आवारात सगळीकडं ओल्या छत्र्या, ओले कोट, ओल्या कागदांचा वास. दावा बोर्डावर बाराव्या क्रमांकाला होता. आत्याचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते. आत्या जिन्याखालच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, शेजारच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी वर व्हरांड्यात कठड्याशी उभा होतो, तिथून ती मला दिसत होती.

पुकारा झाला. तिचं नाव, 'विरुद्ध', आमची नावं. आत्या हलली नाही. पट्टेवाल्यानं पुन्हा नाव घेतलं, या वेळी जरा जोरात. पत्र्याचा आवाज एवढा होता की खाली काही जाणं शक्यच नव्हतं. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असला की काय होतं ते मला पाठ होतं. दावा काढून टाकला जातो. नंतर सबळ कारण दाखवून तो पुन्हा उभा करता येतो, पण त्यात अर्ज, म्हणणं, सुनावणी, वर्ष जातं, दोन जातात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची. मी तिथं किती वेळ उभा होतो? चार श्वास असतील. त्या चार श्वासांत मला हवं होतं की तिनं ऐकू नये. मी ते इथं लिहून ठेवतोय, कारण दुसरीकडं कुठं ते लिहिलं जाणार नाही.

मग मी जिना उतरलो. "आत्या," मी म्हणालो. चार वर्षांत पहिल्यांदा. तिनं वर पाहिलं. "पुकारा झाला. तुझं नाव घेतलं."

"माजं?" ती गडबडली, पिशवी खाली पडता पडता तिनं सावरली. उठताना तिनं माझं कोपर धरलं, जिना चढेपर्यंत सोडलं नाही. तिच्या हाताला आता आल्याचा वास येत नव्हता, कसल्यातरी दुखण्याच्या मलमाचा येत होता. दारापाशी आल्यावर तिनं हात काढून घेतला, चपला काढल्या, पदर नीट केला. मी बाजूला झालो आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. ती पिंजऱ्यात चढली, कठडा धरला आणि दम खात उभी राहिली. आमचे वकील उठले. मॅडमनी फाइलमधून मान वर करून तिच्याकडं पाहिलं, मग पट्टेवाल्याकडं, आणि तो त्यांनी काही सांगायच्या आधीच पंख्याच्या बटणाकडं निघाला होता.